गोंगाटाची पूर्वपरीक्षा

नवलगुंदकर सरांनी माझी नेमणूक खोकणारा म्हणून केली. मानद.

तोपर्यंत आमची ओळख जिन्यापुरती होती. धारवाडला माळमड्डीत ते खाली राहतात, आम्ही वर. एका रविवारी सकाळी ते वर आले, चप्पल दाराबाहेर जोडीनं काढली आणि म्हणाले, "गोपाळराव, तुम्ही सकाळी दात घासताना जे खोकता ना, ते मला पाहिजे."

मला वाटलं, तक्रार आहे. मी लगेच माफी मागायला लागलो. उभी हयात विम्याच्या कचेरीत काढलेली, त्यातली निम्मी माफी मागण्यात. त्यामुळे ती मला तयारीशिवाय येते.

"माफी ठेवा तुमच्याकडेच," सर म्हणाले. "खोकला द्या. खाली दहावीच्या मुलांचा पेपर चालू आहे. अधूनमधून मागनं यायचं आणि कोणाच्या तरी कानाशी खोकून जायचं. बोर्डाच्या परीक्षेत असा एक सुपरवायझर असतोच. आमच्याकडं नाही."

मी खाली गेलो आणि थक्क झालो. सरांच्या पुढच्या खोलीत दहा-बारा मुलं माना खाली घालून लिहीत होती. रेडिओ चालू होता. मागच्या खोलीत टीव्ही चालू होता, त्यावर कोणीतरी कानडीत भांडत होतं. एका बाकाचा पाय मुद्दाम कापून आखूड केलेला. पंख्याच्या पात्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, तो टिकटिक करत होता. आणि सर स्वतः करकरणाऱ्या चपला घालून बाकांमधून फिरत होते. घरात दुसऱ्या चांगल्या चपला होत्या; या खास परीक्षेसाठी राखलेल्या.

सर गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण त्यांचं ठाम मत असं की मुलं अभ्यास कमी पडून नापास होत नाहीत, भीतीनं होतात. म्हणून ते अभ्यासाइतकीच भीतीची उजळणी घेतात. "भ्यायचं ते इथं भिऊन घ्या," हे त्यांचं पालुपद. पेपर मुद्दाम उशिरा वाटतील. कोणाच्या पेनातली शाई गुपचूप संपवून ठेवतील. ऐन वेळी जागा बदलायला लावतील आणि मूल रडकुंडीला आलं की खुर्ची ओढून शेजारी बसून म्हणतील, "झालं भिऊन? आता लिही की."

एकदा तर अख्खा वर्ग घेऊन ते अमरगोळच्या मार्केट यार्डात गेले. ओळखीच्या अडत्याच्या शेडमध्ये मुलांना मिरचीच्या पोत्यांवर बसवलं; मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर विज्ञानाचा पेपर. हमाल "सरका, सरका" करत पोती नेत होते, आणि सर मधून हिंडत "अंजबेड्री, भिऊ नका, लिहा" करत होते. मुलं शिंकत शिंकत प्रकाशाचं परावर्तन लिहीत होती. त्या दिवशी मला खोटं खोकावं लागलं नाही. दोघा हमालांनी मला दंडाला धरून नळापाशी नेलं. मागून सरांचा आवाज आला, "बघितलं? सुपरवायझर आडवा झाला तरी पेपर थांबत नाही. लिहा."

मध्यंतरी माझं निलंबन झालं. एक पोरगा त्रिकोणाच्या गणितावर अडून बसला होता. मला दया आली. खोकायला म्हणून वाकलो आणि त्याच्या कानात "बेचाळीस" म्हणालो. सरांनी बघितलं.

"गोपाळराव, सुपरवायझरनं कॉपी पुरवली तर शिक्षा कोणाला होते?"

मी म्हटलं, "सुपरवायझरला व्हायला पाहिजे."

"व्हायला पाहिजे. पण होते मुलाला." मग त्यांनी वाकून गणित बघितलं. "आणि उत्तर अठरा आहे."

आठवडाभर मला वर्गात बंदी होती. त्या आठवड्यात वर आमच्या घरीसुद्धा मला खोकायची चोरी झाली. खालून मुलं हसायची.

एवढ्यावर सरांचं समाधान होत नसे. "पहिला पेपर बोर्ड घेतं," ते म्हणत. "दुसरा पेपर बाहेर असतो. त्याचं वेळापत्रक कोणी लावत नाही." म्हणून शनिवारी वह्या बंद आणि दुसऱ्या पेपराची तयारी. बँकेत जाऊन स्लिप भरून या. स्वतःचा भात स्वतः लावा आणि स्वतःच खा, करपला तरी. कंडक्टरकडून न भांडता सुट्टे परत घ्या. एका शनिवारी मी त्या पेपरातला प्रश्न झालो.

त्याचं असं झालं, मी सुभाष रोडवर एक शर्ट घेतला होता. दुकानात अंगाला लावून बघायची मला लाज वाटते, दुकानदाराला आपल्यामुळे त्रास नको असं वाटतं, म्हणून मी तसाच घेऊन आलो. घरी घातला तर पोटापाशी दोन बटणं आपसांत भेटायला तयार नाहीत. परत द्यायला दुकानापर्यंत जाऊन आलो, आत दुकानदार दिसला, त्याला नमस्कार केला आणि एक रुमाल विकत घेऊन परत आलो. ही हकीकत आमच्या घरून जिन्यातून खाली गेली.

सर मुलांना म्हणाले, "हे काका म्हणजे आजचा प्रश्न. सोडवा."

सगळी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. अक्षता. हुबळीहून रोज बसनं येणारी. मला आणि शर्टाला घेऊन ती तडक दुकानात शिरली.

"घेतलेला माल परत नाही, तंगी," दुकानदार म्हणाला. तंगी म्हणजे धाकटी बहीण. नकार द्यायचा असला की आमच्याकडे नातं आधी जोडतात.

"परत कुठं देतेय, अण्णा?" ती म्हणाली. "काकांना या शर्टात बसवते. तुम्ही बटणं लावून दाखवा. लागली की आम्ही जातो घरी."

मला भर दुकानात शर्टात कोंबण्यात आलं. दुकानदारानं पहिलं बटण लावलं. मी श्वास धरला. दुसरं त्यानं जोर करून लावलं, तेव्हा माझा श्वास सुटला आणि बटण जाऊन गल्ल्यामागच्या देवाच्या फोटोवर आपटलं. दुकानात गिऱ्हाइकं होती, ती सगळी हसली. दुकानदारही हसला, आणि हसलेल्या माणसाला पुढं नाही म्हणता येत नाही. त्यानं एक माप मोठा शर्ट दिला. निघताना अक्षतानं पडलेलं बटणही शोधून काढलं आणि आधीच्या शर्टाला लावायला म्हणून त्यालाच परत दिलं. सरांनी तिला पैकीच्या पैकी दिले. मला ग्रेस देऊन पास केलं.

आता या अक्षताचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

तिच्या वडिलांचं जुन्या हुबळीत भांड्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर. दुकानात गिऱ्हाइकाला परात वाजवून दाखवणारी ही मुलगी, पण गेल्या वर्षी दहावीच्या गणिताला कोरा पेपर देऊन आली होती. येत नव्हतं असं नाही. "डोकं पांढरं झालं," एवढंच सांगायची. त्या भीतीनं ती पुरवणी परीक्षेला बसलीच नव्हती, आणि आता सगळेच विषय पुन्हा द्यायचे होते. वडील तिला घेऊन सरांकडे आले, तेव्हा मी तिथं होतो.

"सर, हे शेवटचं," ते म्हणाले. "मी काय वाईट माणूस नव्हे. पण परीक्षा म्हटली की पोरगी आजारी पडल्यागत होते, ते बघवत नाही. नाही झालं, तर शाळा बास. गल्ल्यावर बसेल. भांडी विकायला दहावी लागत नाही."

नंतर एकदा बसस्टॉपवर अक्षता मला म्हणाली, "काका, मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय. रस्ते बांधायचे. आमच्या गल्लीतला रस्ता मी जन्मल्यापास्नं खणतायत. कोणीतरी एकदा तो बुजवायला पाहिजे की."

सरांनी निदान केलं: पोरीला व्यत्यय सहन होत नाही. "आवाजानं तुझं लक्ष उडतं का?" त्यांनी विचारलं. ती "हो" म्हणाली. झालं. तिच्यासाठी म्हणून गोंगाट वाढला. आमचा मिक्सर खाली गेला. लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला शेजारी राहतो, त्याला खिडकीशी येऊन सराव करायची विनंती झाली. त्या कल्लोळात अक्षता शांतपणे लिहायची आणि प्रत्येक पेपरात वर्गात पहिली यायची. सरांचा चेहरा असा फुलायचा की बोर्डानं सुवर्णपदक त्यांनाच दिलंय.

मार्च संपता संपता परीक्षा सुरू झाली. पहिला पेपर कन्नडचा. तो देऊन अक्षता थेट सरांकडे आली. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो.

"कसा गेला?" सरांनी विचारलं.

"लिहिला." ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "सर, तिथं फार शांत होतं."

"म्हणजे?"

"नवीन शाळा आहे ती. पंख्याचा पण आवाज नाही. बाई रबरी चपला घालून फिरत होत्या, कधी आल्या कधी गेल्या कळत नव्हतं. मग मला माझा श्वासच ऐकू यायला लागला, आणि परत सगळं पांढरं व्हायला लागलं. कन्नड होतं म्हणून कसंतरी निभावलं. गणिताला कसं होणार?"

सरांनी रेडिओचा आवाज कमी केला. "गेल्या वर्षी पण असंच झालेलं?"

"हौदु, सर. असंच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, आवाजानं लक्ष उडतं का. सगळ्यांचं उडतं म्हणतात. मी हो म्हटलं."

ती गेल्यावर सर बराच वेळ त्या आखूड पायाच्या बाकावर डुगडुगत बसले. "गोपाळराव," ते म्हणाले, "पोरगी जन्मली भांड्यांच्या दुकानावर. मी वर्षभर तिला तिच्याच घरात बसवून पेपर घेतला."

गणिताला अजून मध्ये सुट्टीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर वर आले. चप्पल जोडीनं काढली. "तुमच्याकडं शांतता असेल का हो? दुपारपुरती?"

मी आत बघितलं. कुकरची शिट्टी होत होती, आमच्या घरून फोनवर बेळगावच्या बहिणीशी बोलणं चालू होतं, आणि ते बोलणं फोन नसता तरी बेळगावला ऐकू गेलं असतं. "शांतता आमच्यात नाही," मी म्हटलं. "माझं लग्न झालंय."

मग अक्षता आल्यावर आम्ही तिघं शांतता शोधायला निघालो. वाचनालयात गेलो, तर तिथं एक पेन्शनर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत होते. त्यांना उठवायचं काम माझ्यावर आलं, मी उठवलं, आणि त्यांनी उठून केलेल्या आरडाओरड्यात आम्हाला बाहेर काढण्यात आलं. टेकडीवरच्या देवळात गेलो, तर सप्ताह चालू होता. बागेत गेलो, तर तिथं हास्यक्लब. सर घाम पुसत म्हणाले, "अख्ख्या धारवाडात एका मुलीला बसण्यापुरती शांतता नाही म्हणजे काय?"

अक्षता म्हणाली, "सर, तुमच्या घरीच करूया की. सगळं बंद करून."

सर चालता चालता थांबले. "आमच्याकडं नळ गळतो."

"चिंधी बांधू."

"घड्याळ आहे. मोठा आवाज करतं."

"काकांकडं देऊ."

"गल्लीत भाजीवाले येतात."

"काकांना दारात बसवू."

सबबी हा खरं तर माझा विषय. त्यात मुरलेला माणूस म्हणून सांगतो, सरांच्या सबबी अगदी कच्च्या होत्या. ज्यानं कधी सबब सांगितली नाही अशा माणसाच्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत मी सरांच्या घरातला रेडिओ बंद असलेला ऐकलेला नाही. सकाळी मी उठायच्या आधी तो सुरू असतो, आणि मला झोप लागते ती त्याच्याच बातम्यांवर.

दुपारी घर बंद करायला घेतलं. अक्षतानं रेडिओ बंद केला, टीव्ही बंद केला, पंख्याचा पुठ्ठा सोडला आणि शेवटी पंखाही बंद केला. नळाला चिंधी बांधली. घड्याळ माझ्या मांडीवर आलं. मी त्यावर पंचा गुंडाळला. सर बाहेर ओसरीकडे यायला लागले तर ती म्हणाली, "सर, सुपरवायझर आत असतो."

"मी बाहेरनं बघतो."

"आत बसा की, सर. मला एकटीला भीती वाटते."

ते आत जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. तिथं एक शिलाई मशीन आहे, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेलं. इतके दिवस मी त्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठाच बघत आलो होतो.

मी दारात राखण करत होतो. काकडीवाला आरोळी ठोकायला तोंड उघडतो तोच मी हातानंच त्याला थांबवलं. तो समजला, घेणार आहे. नाही म्हणायचं तर बोलावं लागणार. मी मान हलवत गेलो आणि तो काकड्या टाकत गेला. टोपली बरीच रिकामी झाल्यावर तो खुशीत, एक अक्षर न बोलता निघून गेला. नंतर आमच्या घरी चार दिवस काकडीचीच कोशिंबीर होती, पण त्या दुपारी गल्लीत चिटपाखरूही वाजलं नाही.

खिडकीतून मी आत डोकावलो. सुरुवातीला अक्षताचं पेन हवेतच होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. सरांकडे बघितलं, तर त्यांची अवस्था तिच्याहून वाईट. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट, मान ताठ, कपाळावर घाम. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघतात तसे बसलेले. त्या घरात मी पहिल्यांदा काहीच ऐकत नव्हतो.

थोड्या वेळानं सरांचा पाय हलायला लागला. अनवाणी पाऊल, टाच खाली, चवडा वर; चवडा खाली, टाच वर. एका लयीत. जमिनीवर त्याचा आवाज होत नव्हता. ते स्वतः समोर भिंतीकडे बघत होते, पाय हलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. हळूहळू त्यांचे हात सैल पडले.

अक्षतानं मान वर करून बघितलं. त्यांच्या पायाकडे बघितलं, मग झाकलेल्या मशीनकडे. मग ती खाली बघून लिहायला लागली.

पेपर संपल्यावर सरांनी तो तपासला. निम्माच झाला होता, पण झालेला बरोबर होता. अक्षतानं विचारलं, "मशीन कोणाचं, सर?"

"अक्काचं. थोरली बहीण." सर कागद जुळवत होते. "आईवडील लवकर गेले आमचे. ब्लाउज शिवून तिनं मला वाढवलं. ती इथं शिवायची, मी इथं खाली बसून अभ्यास करायचो. पुढं मी नोकरीला लागलो तरी ती शिवतच होती. सवय लागलेली. तिलापण, मलापण." कागद बाजूला ठेवून म्हणाले, "ती गेल्यावर वर्ग सुरू केला मी. घरात मुलं पाहिजेत, आवाज पाहिजे म्हणून. मुलांना वाटतं त्यांच्यासाठीच करतो. ते पण आहेच की."

मी त्यांना काकड्या दिल्या.

गणिताआधीच्या उरलेल्या दोन्ही दुपारी तीच तालीम झाली. अक्षता थोडी थोडी पुढं जात गेली. सर प्रत्येक वेळी स्टुलावर बसले, रेडिओ बंद ठेवून, कोणी सांगायची वाट न बघता.

गणिताच्या दिवशी आम्ही दोघं परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभे होतो. रस्त्यापलीकडे तिचे वडीलही होते, आमच्यापासून जरा लांब, शाळेकडे पाठ करून. घंटा झाली. मुलं बाहेर लोटली. अक्षता अगदी शेवटी आली. बोटांना शाई, केस विस्कटलेले. वडील रस्ता ओलांडून आले, पण त्यांना विचारायचा धीर होईना. तिनंच सांगितलं, "अप्पा, एक पण पान कोरं नाही."

त्यांनी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि तिचं झाकण उघडून तिलाच दिली. पुढं ती पास झाली, आणि सिव्हिलच्या डिप्लोमाला तिला सोडायला तेच गेले, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको.

पाणी पिऊन ती सरांकडे वळली. "सुरुवातीला परत पांढरं व्हायला लागलं होतं, सर. मग मी पाय हलवला. तुमच्यासारखा. अक्कांचं मशीन चालवलं. बाई येऊन म्हणाल्या, पाय का हलवतेस. मी म्हटलं, मुंग्या आल्यात."

सर चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसला. मग पेपर तपासताना विचारतात तसं विचारलं, "भरभर चालवलंस, की हळू?"

"हळू," ती म्हणाली. "शिवण सरळ यायला पाहिजे असली की चालवतात तसं."

"हां," सर म्हणाले. "तशीच चालवायची ती."